सादळलेला चिवडा

श्रावणातली झड लागलेली दुपार. बचत गटाच्या स्टॉलवर एका आजींनी पिशवीतून पातळ पोह्यांच्या चिवड्याचं पाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "बाई गं, हा सादळलाय. तीन दिवसही नाही झाले." स्टॉलवरच्या ताईंनी पाकीट फोडून चिमूटभर चिवडा तोंडात टाकला. कुरकुर नाही. शेंगदाणे खमंग, कढीपत्त्याचा वास जागच्या जागी, मीठ-मिरची बरोबर, पण पोहे ओल्या कागदासारखे. ताईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. सील पक्कं होतं, कुठे भोक नव्हतं. वर हिरवं पान छापलेलं आणि त्याखाली कंपोस्टेबल असल्याची खूण. "पाकीट तर चांगलं आहे हो आजी, महाग असूनही म्हणून तर घेतलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि दुसरं पाकीट दिलं. तेही त्याच फिल्मचं होतं.

ते "चांगलं आहे" माझ्या मनातून जाईना.

दोष सीलचा नव्हता, तळणीचा नव्हता, ताईंचा तर नव्हताच. गणित मांडलं की कळतं. २०० ग्रॅमचं पाकीट १५ बाय २० सेंटीमीटरचं धरलं, तर दोन्ही बाजू मिळून ०.०६ चौरस मीटर फिल्म होते. कंपोस्टेबल फिल्म बहुधा पीएलएची (साखरेपासून बनणारं, ताठ प्लास्टिक), पीबीएटीची (कंपोस्ट होणारं, लवचीक प्लास्टिक) नाहीतर दोघांच्या मिश्रणाची असते. २५ मायक्रॉन जाडीची पीएलए फिल्म ३८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता अशा प्रमाण चाचणीत चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम पाण्याची वाफ जाऊ देते. फिल्म ४० मायक्रॉनची असेल तर हा आकडा १९० च्या आसपास येतो. आपल्या पावसाळ्यातली २८ अंशांची, ८५ टक्के दमट हवा त्या चाचणीपेक्षा सौम्य. वाफेचा दाब जवळजवळ निम्माच. म्हणजे चौरस मीटरमागे १०० ग्रॅम, आणि आपल्या पाकिटात दिवसाला ६ ग्रॅम पाणी. ताज्या चिवड्यात ओल २ टक्के धरली, तर ती ६ टक्क्यांवर जायला आठ-साडेआठ ग्रॅम पाणी पुरतं, आणि तिथे पोह्याचा कुरकुरीतपणा संपतो. आत ओल वाढेल तसा वेग थोडा मंदावतो, तरीही दुसऱ्या दिवशी पोहे नरम आणि तिसऱ्या दिवशी आजी स्टॉलवर. तेवढ्याच जाडीच्या साध्या पॉलिथिनच्या पिशवीत हाच चिवडा तीनेक आठवडे टिकला असता, आणि वेफर्सच्या पाकिटासारख्या बीओपीपी (ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या) फिल्ममध्ये दोन महिने.

पॉलिथिन ही स्वभावाने तेलकट वस्तू. पाण्याशी तिचं काही घेणं-देणं नाही, म्हणून ती वाफ अडवते; आणि त्याच कारणाने कचऱ्यात पडल्यावर जिवाणूंनाही तिच्यात शिरता येत नाही. पीएलएच्या साखळीत दर थोड्या अंतरावर एस्टरचा सांधा असतो. त्या सांध्याला पाणी आवडतं. कंपोस्टच्या ढिगात पाणी तिथेच घाव घालतं, साखळी तुटते, तुकडे जिवाणूंच्या तोंडी येतात. ज्या दाराने ती वस्तू मातीत परत जाते त्याच दाराने श्रावणातली ओल आत येते. गंमत अशी, की प्राणवायू अडवण्यात पीएलए पॉलिथिनपेक्षा सुमारे दहापट चांगली. तेल खवट होण्याच्या बाबतीत ती चिवड्याची राखण करते आणि पाण्यापुढे हार खाते.

यावर गेली तीसेक वर्षं जगभर एक उपाय घोटला जातोय: प्लास्टिकमध्ये माती मिसळायची. कुठलीही माती नाही, पापुद्र्यांची.

ती माती आपल्याला परकी नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात वैशाखात हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा पडतात, आणि मृगाच्या दोन चांगल्या सरी झाल्या की त्याच भेगा मिटून जमीन फुगते, पायाला धरते, वापसा येईपर्यंत औत घालू देत नाही. हे फुगणं-आकसणं ज्या खनिजांमुळे घडतं त्यांतलं मुख्य माँटमोरिलोनाइट. नाव फ्रान्समधल्या माँमोरियों गावावरून पडलं, पण दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन ते आपल्या पायाखाली पसरलेलं आहे. याचा एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाड आणि शंभर ते काहीशे नॅनोमीटर रुंद: सिलिकाच्या दोन थरांमध्ये अ‍ॅल्युमिनाचा एक थर दाबलेला. मधल्या थरात काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणून पापुद्र्यावर ऋण भार राहतो. तो भागवायला दोन पापुद्र्यांच्या मधल्या फटीत सोडियम किंवा कॅल्शियमचे धन आयन येऊन बसतात. पाणी आलं की ते या आयनांभोवती गोळा होतं, फट रुंदावते, आणि अख्खं रान इंचभर वर उचललं जातं. सगळे पापुद्रे सुटे करून अंथरले तर एका ग्रॅमचं क्षेत्रफळ ७५० चौरस मीटरच्या आसपास भरतं. कबड्डीची जवळजवळ सहा मैदानं, एक चिमूट मातीत.

फटीत कोण बसलंय यावर या मातीचा सगळा स्वभाव ठरतो. हे उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. वर्षानुवर्षं पाटाचं पाणी देऊन, निचरा न होता जमीन चोपण झाली की काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं. फटीत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की पापुद्रे एकमेकांना धरेनासे होतात, माती पाण्यात विखुरते, छिद्रं बुजतात, वर पाणी साचून राहतं आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. मग तो जिप्सम टाकतो. जिप्सममधलं कॅल्शियम फटीत शिरून सोडियमला बाहेर काढतं, निचऱ्याचं पाणी सोडियम वाहून नेतं, आणि पापुद्रे पुन्हा एकत्र येऊन मातीचे रवे बनतात. पॅकेजिंगच्या प्रयोगशाळेत याच फटीतली माणसं बदलायची असतात, फक्त उलट दिशेने. तिथे विखुरणं हवं असतं. म्हणून सोडियम पसंत, आणि बेंटोनाइट (माँटमोरिलोनाइटने भरलेली खाणीतली माती) कॅल्शियमचं निघालं तर त्याला आधी सोडा अ‍ॅश देऊन सोडियमचं करून घेतात. शेतातली काळी माती मात्र सरळ उचलून चालत नाही. तिच्यात चुनखडीचे कण, लोह, गारेची (गारगोटीची) रेव, कुजलेला पाला सगळंच असतं. कामाला येतं ते खाणीतलं बेंटोनाइट, आपल्या देशात मुख्यतः कच्छ आणि राजस्थानातलं. तेही निवळून घ्यावं लागतं. पाण्यात कालवून ठेवलं आणि आठ तासांनी वरचं दहा सेंटीमीटर पाणी काढून घेतलं, तर त्यात दोन मायक्रॉनपेक्षा बारीक कणच उरतात. रेव खाली बसते. ही पायरी घाईत उरकली तर पुढे फिल्ममध्ये गारेचा कण येतो आणि तिथे टाचणीएवढं भोक पडतं.

पण सोडियमची माती पाण्याची मैत्रीण. वितळलेल्या पीएलएला ती आत येऊच देत नाही; नुसती मिसळली तर पिठाच्या गुठळ्यांसारखी पडून राहते. इथे चिरोटे आठवतात. पोळीवर पोळी नुसती ठेवून लाटली तर पापुद्रे सुटत नाहीत, त्यांचा एकच जाड गोळा तळला जातो. मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावला की तोच पापुद्रा कढईत फुलून वेगळा होतो. मातीलाही साटा लागतो, आणि तोही स्निग्धच: एका टोकाला नायट्रोजनचा धन भार, दुसऱ्या टोकाला सोळा-अठरा कार्बनची चरबीसारखी लांब शेपटी. चतुर्थक अमोनियम क्षार म्हणतात त्याला. भाराचं टोक पापुद्र्याला चिकटतं, शेपटी फटीत पसरते, आणि पाण्याला ओढणारी फट प्लास्टिकला ओढू लागते.

प्रमाण मात्र सोनाराच्या तराजूने. मातीची आयन बदलण्याची क्षमता आधी मोजून घ्यायची. चांगल्या माँटमोरिलोनाइटची १०० ग्रॅममागे ९० मिलिइक्विव्हॅलंटच्या (बदलता येणाऱ्या भाराचं माप) आसपास असते. समजा ९२ आली आणि साटा म्हणून सेटिल ट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड घेतलं, तर १०० ग्रॅम मातीला ३३.५ ग्रॅम लागतं. माती पाच लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात हळूहळू सोडून रात्रभर फुगू द्यायची. एकदम ओतली तर वर गाठी तरंगतात आणि त्यांच्या पोटात कोरडी माती तशीच राहते. दुसऱ्या दिवशी मिश्रण ८० अंशांवर आणून क्षाराचं गरम द्रावण बारीक धारेने घालायचं आणि तीन-चार तास ढवळायचं. ढवळणी जोरात नको, हा क्षार साबणाच्या कुळातला, भांडंभर फेस होतो. आणि मग तो क्षण येतो: दुधट, एकजीव दिसणारं मिश्रण दूध नासावं तसं फाटतं. पांढुरके गोळे वेगळे, निवळ पाणी वेगळं. जी माती काल पाण्यात विरून गेली होती तिने आज पाण्याकडे पाठ फिरवलेली असते.

त्यानंतरचं धुणं कंटाळवाणं, आणि तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. गाळलेला चोथा गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा. दर वेळी गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. फिकट पिवळा साका पडत असेल तोवर ब्रोमाइड शिल्लक आहे. चार-पाच धुण्यांनी भागेल असं वाटतं, पण बऱ्याचदा भागत नाही. फटीत न बसलेला मोकळा क्षार मागे राहिला तर तो पुढे एक्स्ट्रुडरमध्ये (प्लास्टिक वितळवून स्क्रूने मळत पुढे ढकलणाऱ्या यंत्रात) जळतो, माशासारखा उग्र वास सुटतो, दाणे पिवळे पडतात. साटा जास्त झालेला चिरोटा कढईत उलगडून विरतो, तसंच. धुऊन झालं की ६० अंशांवर सुकवायचं, दळायचं आणि ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढायचं. दळताना तोंडाला चांगला मास्क हवाच. ही धूळ फार हलकी असते आणि तिच्यात गारेचा अंश असू शकतो. फुप्फुसात गेलेली गार बाहेर येत नाही.

साटा बसला की नाही हे क्ष-किरण सांगतात. सोडियमच्या मातीत पापुद्र्यांमधलं अंतर (एकाच्या तळापासून पुढच्याच्या तळापर्यंत) सुमारे १.२ नॅनोमीटर असतं आणि आलेखावरचं शिखर सव्वासात अंशांच्या आसपास दिसतं. बाजारात मिळणाऱ्या क्लोइसाइट ३०बी या तयार मातीत अंतर १.८५ असतं, शिखर पावणेपाच अंशांवर सरकतं. क्लोइसाइट २०ए मध्ये तर २.४ च्या वर. नवखा माणूस साहजिकच २०ए उचलतो, जास्त उघडी म्हणून. पण २०ए च्या शेपट्या निव्वळ चरबीच्या, त्यांना पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनचा शेजार आवडतो. ३०बी च्या साट्यावर दोन हायड्रॉक्सिल गट असतात, ते पीएलएच्या एस्टरशी हात धरतात. फट किती रुंद यापेक्षा फटीतल्याची बाहेरच्याशी ओळख किती, हे पीएलएत जास्त महत्त्वाचं ठरतं.

आता मिसळणं. पीएलए ही पाण्याच्या बाबतीत इतकी हळवी, की दाण्यांत ओल २५० पीपीएमच्या (दशलक्षात २५० भागांच्या) वर असेल तर वितळताना ती स्वतःच्याच साखळ्या तोडून घेते. म्हणून स्फटिकी दाणे ८० अंशांवर कोरड्या हवेत किमान चार तास वाळवायचे, आणि मातीही वेगळी, निर्वातात, रात्रभर. मातीचं वाळवणं लोक विसरतात. फटीतलं दोन टक्के पाणी एक्स्ट्रुडरमध्ये गेलं की मागचा सगळा खटाटोप वाया. मिसळायला दोन स्क्रूंचा एक्स्ट्रुडर लागतो, स्क्रूची लांबी व्यासाच्या चाळीसपट असलेला बरा. तापमान १६० पासून चढत १८५ पर्यंत, वेग मिनिटाला २०० ते २५० फेरे, माती मुख्य हॉपरमधून न टाकता बाजूच्या फीडरने वितळलेल्या मालात सोडायची, कारण हलकी भुकटी हॉपरच्या तोंडाशी कमान धरून अडकते आणि माल कमी-जास्त जातो. एकदम पाच टक्के मिसळण्यापेक्षा आधी वीस टक्क्यांचं दाट मिश्रण, म्हणजे मास्टरबॅच, करून मग ते साध्या पीएलएत पातळ करणं चांगलं. माती दोनदा मळली जाते. शेवटच्या टप्प्यावर निर्वात लावून वाफ ओढून घ्यायची. माल आत दोन मिनिटांच्या वर राहू नये.

कारण इथे दोन घड्याळं एकमेकांविरुद्ध चालतात. पापुद्रे सुटायला मळणं हवं, वेळ हवा. पण १८०-२०० अंशांच्या पुढे साट्यातल्या अमोनियमची शेपटी तुटू लागते, मागे आम्लधर्मी जागा उरते, आणि ती जागा पीएलएच्या साखळ्या तोडायला मदत करते. जास्त मळलं तर पापुद्रेही मोडतात, रुंदी घटते. बाहेर येणारा धागा पिवळसर-तपकिरी झाला, पाण्यासारखा पातळ लोंबू लागला, की घड्याळ हरलं. वितळप्रवाह निर्देशांक (वितळलेला माल ठरावीक वेळात किती वाहतो त्याचं माप) मोजून हे आकड्यात पकडता येतं: सुरुवातीला ६ असलेला माल १५ दाखवू लागला, तर साखळ्या इतक्या तुटल्यात की त्याची फिल्म फुगवताना फुगा उभा राहणार नाही. अशा वेळी तुटलेली टोकं जोडणारं इपॉक्सी गटाचं रसायन अर्धा-पाऊण टक्का घालतात. ते उपयोगी आहे, पण ओला माल वाळवण्याऐवजी ते घालणं म्हणजे गळक्या छपराखाली घमेलं ठेवणं.

एवढं करून काय मिळतं, याचं गणित प्लास्टिकचे अभ्यासक लॉरेन्स नील्सन यांनी १९६७ सालीच मांडून ठेवलंय, आणि ते कुणालाही समजेल असं आहे. फिल्ममध्ये पापुद्रे आडवे पसरले की पाण्याच्या रेणूला सरळ वाट राहत नाही. वाड्याच्या एकामागे एक चौकांतून वळणं घेत जावं तसं त्याला जावं लागतं. वाट किती लांबते ते दोन गोष्टींवर ठरतं: आकारमानाने माती किती, आणि पापुद्रा जाडीच्या किती पट रुंद. मातीचं आकारमान २ टक्के आणि रुंदी जाडीच्या १०० पट धरली तर वाफ निम्म्यावर येते. त्याच २ टक्के मातीचे पापुद्रे नीट न सुटता पाच-पाचचे गठ्ठे राहिले, तर प्रमाण १०० चं २० होतं आणि वाफ जेमतेम १८ टक्क्यांनी घटते. माती तितकीच, खर्च तितकाच. आणखी एक अट आहे: पापुद्रे फिल्मच्या पृष्ठाला समांतर निजलेले हवेत. फुग्याच्या पद्धतीने फिल्म दोन्ही दिशांना ताणली जाते तेव्हा ते बऱ्यापैकी निजतात. पण साच्यात घातलेल्या जाड डब्याच्या गाभ्यात ते वाटेल तसे उभे-आडवे थिजतात, आणि मग हेच २ टक्के वाफ निम्मी करण्याऐवजी पाव हिश्शाने कमी करतात.

आकडे सांगताना एक गफलत सर्रास होते. "पाच टक्के माती घातली" असं म्हणतात तेव्हा त्या पाचातला दीड टक्का साटा असतो. ३०बी भट्टीत जाळली तर सुमारे ३० टक्के वजन उडून जातं. खरी माती साडेतीन टक्के, आकारमानाने दीड-पावणेदोन. तयार फिल्मचा तुकडा जाळून राख मोजल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये. आणि क्ष-किरणाचं शिखर नाहीसं झालं म्हणून पापुद्रे सुटले असंही मानू नये; गठ्ठे वेडेवाकडे झाले तरी शिखर पुसलं जातं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काळ्या रेघा एकेकट्या दिसायला हव्यात. माती पाचाची आठ टक्के केली तर फायदा वाढत नाही. गठ्ठे वाढतात, आणि मुळातच ठिसूळ पीएलए आणखी ठिसूळ होते. पाकिटाची घडी घातली की घडीवर तडा.

या विद्येची पहिली मोठी पावती पॅकेजिंगला मिळालीच नाही, ती मिळाली मोटारीला. टोयोटाच्या संशोधन केंद्रात १९८० च्या दशकात नायलॉन-६ च्या कच्च्या मालातच अशी माती फुगवून मग त्याचं नायलॉन बनवलं. फक्त ४ टक्क्यांच्या आसपास मातीने नायलॉन भाराखाली वाकण्याचं तापमान ६५ वरून १४५ अंशांवर गेलं, आणि त्या नायलॉनचं इंजिनच्या टायमिंग बेल्टचं झाकण झालं. त्या आकड्यांनी सगळ्यांना वेड लावलं. पुढे २००० नंतर टोयोटा टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये सुप्रकाश सिन्हा राय आणि मासामी ओकामोतो यांनी पीएलए आणि मातीच्या मिश्रणांवर पायाभूत काम केलं. त्यात मातीमुळे पीएलए कंपोस्टमध्ये लवकर विघटित होते असंही दिसलं, कारण पापुद्र्यांच्या कडांवरचे हायड्रॉक्सिल गट पाणी आत घेऊन येतात. वाफेची वाट लांबवणारी माती ५८ अंशांच्या ढिगात मात्र पाण्याला घाव घालायला मदत करते.

पण ढीग ५८ अंशांचा हवा, हे पाकिटावरचं हिरवं पान सांगत नाही. आयएसओ १७०८८ हे कंपोस्टेबल प्लास्टिकचं मानक भारतानेही स्वीकारलंय. त्यात १८० दिवसांत ९० टक्के विघटन मागतात, आणि १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून कमी तुकडे. हे औद्योगिक कंपोस्टचं तापमान. पीएलए ५५-६० अंशांच्या खाली काचेसारखी गोठलेली असते, म्हणून गॅलरीतल्या कुंडीत ती महिनोन्‌महिने तशीच सापडते आणि लोकांना फसवल्यासारखं वाटतं. आणखी एक कलम मातीवाल्यांच्या मुळावर येणारं आहे: एक टक्क्याहून जास्त असलेल्या प्रत्येक सेंद्रिय घटकाचं विघटन वेगळं सिद्ध करावं लागतं. वरचा हिशेब आठवा. पाच टक्के मातीतला साटा दीड टक्का. म्हणजे तो स्वतंत्र चाचणीला उभा राहणार. आणि हे चतुर्थक क्षार म्हणजे दवाखान्याची फरशी पुसायच्या जंतुनाशकातल्या बेन्झाल्कोनियम क्लोराइडचे भाऊबंद. जे जिवाणू कंपोस्ट करणार त्यांनाच मारणारं औषध आपण पापुद्र्यात लपवून पाठवतो. मातीला घट्ट बांधलेलं असताना ते फारसं सुटत नाही, तरी तीन टक्क्यांच्या वर जाण्यापूर्वी दहादा विचार व्हावा. अन्नाच्या बाबतीत युरोपने तर अशाच एका सुधारित मातीला फक्त पॉलिथिनसारख्या प्लास्टिकमध्ये, १२ टक्क्यांपर्यंत आणि कोरड्या पदार्थांसाठीच परवानगी दिलीय. ती परवानगी पीएलएला आपोआप लागू होत नाही.

म्हणून दुसरा साटा शोधणारे लोक मला जास्त जवळचे वाटतात. कोळंबीच्या सालींपासून काढलेला कायटोसान एक टक्का अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवला की त्यावर धन भार येतो आणि तो मुकाट्याने फटीत जाऊन बसतो. अंतर सव्वावरून दोन नॅनोमीटर होतं. तो विघटित होतो, विषारी नाही. पण पाण्याचा लोभी आहे, म्हणून पावसाळ्यात वाफ अडवण्यात कमी पडतो. स्टार्चच्या फिल्ममध्ये तर साटा नकोच, तिथे साधी सोडियमची माती उत्तम पसरते, कारण स्टार्च आणि ती दोघेही पाणवठ्यावरचे. त्यात ग्लिसरीन बेताने घालावं लागतं. ते स्टार्चच्या आधी स्वतः फटीत शिरून जागा अडवतं. हायड्रोटाल्साइटसारखी दुसरी थरदार खनिजंही आहेत, त्यांचा पापुद्रा धन भाराचा आणि साटा स्टिअरिक आम्लाचा, म्हणजे खाण्यातल्या चरबीचा. ऐकायला आदर्श. पण ते खनिज अल्कलीधर्मी, गरम पीएलएच्या साखळ्या मातीपेक्षाही भराभर तोडतं. पीबीएटी ११५-१२० अंशांवरच वितळतं, त्यामुळे फिल्म १५० अंशांच्या आसपास निघते आणि कुठलाही साटा जळण्याचं भय कमी होतं. साध्या लवचीक पिशव्यांसाठी माझी पसंती या मिश्रणाला, ७० भाग पीबीएटी, ३० भाग पीएलए आणि वर तीन भाग माती. माती दोघांच्या सीमेवर बसून त्यांना बांधूनही ठेवते. २०२४ साली प्राज इंडस्ट्रीजचा पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प जेजुरीजवळ सुरू झाला. उसाच्या साखरेपासून दाणे आणि कच्छच्या बेंटोनाइटपासून पापुद्रे, हे सगळं पुण्याच्या हाकेच्या अंतरावर आणता येण्यासारखं आहे.

आणि तरीही, चिवडा.

सगळं जमलं असं धरू. पापुद्रे सुटले, आडवे निजले, साटा जळला नाही. वाफ निम्म्यावर आली. पाकिटात दिवसाला ६ ऐवजी ३ ग्रॅम पाणी. चिवडा दीड दिवसाऐवजी तीन दिवस कुरकुरीत. आजी तिसऱ्या दिवसाऐवजी सहाव्या दिवशी आल्या असत्या, एवढाच फरक. महिनाभर टिकवायचं तर वाफ विसाव्या हिश्शावर यायला हवी, आणि पाच टक्के मातीच्या आवाक्यातली ती गोष्ट नाही. त्यासाठी कंपोस्ट होणाऱ्या सेल्युलोज फिल्मवर धातूचा अतिपातळ थर द्यावा लागतो. अशा फिल्मा मिळतात, पण त्यांच्या किमतीत बचत गटाच्या चिवड्याचा नफा उरत नाही. हे न सांगता "मातीमुळे अडवण्याची ताकद दुप्पट" असं माहितीपत्रक छापणाऱ्यांचा राग येतो. दुप्पट हे खरं असतं. ते ऐकून फिल्म घेणाऱ्या ताईंचं नुकसानही खरंच असतं.

त्या फिल्मला शोभणारं काम वेगळं आहे. मेथीची जुडी, कोथिंबीर, पालक हे पिशवीतही श्वास घेतात, पाणी सोडतात. पॉलिथिनमध्ये आतून थेंब धरतात आणि पानं चिकट होऊन कुजतात. पीएलए-पीबीएटीची फिल्म ती वाफ बाहेर जाऊ देते. तीन टक्के माती घातली की ती अगदी भसाभस जात नाही, पानं सुकूनही जात नाहीत, आणि फिल्मला ताठपणा येतो, म्हणजे ३० ऐवजी २५ मायक्रॉनची फिल्म पुरते. ब्रेडला, आठवडी बाजारातल्या हिरव्या मिरचीला ती चालेल. पिशवीत उरलेले देठ, साली आणि पिशवी एकत्रच कंपोस्टला जाऊ शकतात, वेगळं करत बसायला नको.

गौरीच्या आधीच्या आठवड्यात त्याच स्टॉलवर चिवडा एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात होता, झाकणाला कापड गुंडाळून घट्ट बसवलेलं. गिऱ्हाइकं घरून डबे आणत होती आणि ताई तराजूवर डब्याचं वजन आधी करून घेत होत्या. हिरवं पान छापलेली उरलेली पाकिटं बाजूच्या टोपलीत होती, प्रत्येकात मेथीची एकेक जुडी, वरचं तोंड उघडं.